पितळी गुंडावरचं नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठीमायचे. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही, पण जे सांगणार आहे ते सगळं त्या नावाबद्दलच आहे.

आमचं गाव हिंगणघाट आणि जामच्या मधे, हायवेपासून थोडं आत. शेती भाजीपाल्याची. वांगी, मेथी, दुधी आणि बारा महिने सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला दुसरं नाव नाही. कागदावर दोन्ही भावांची वाटणी झालेली होती, पण चूल एकच होती आणि त्या चुलीची मालकीण मोठीमाय होती.

मी दहावी पास झालो तेव्हा बाबांच्या मनात होतं की मी भाजीच्या टेम्पोवर बसावं. मोठीमायनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती माझा दाखला पदरात बांधून स्वतःच टेम्पोत बसली, वांग्यांच्या पोत्यावर, आणि मला शेजारी बसवलं. हिंगणघाटला कॉलेजच्या फाटकासमोर टेम्पो थांबवला आणि आत जाऊन बाबूला म्हणाली, "याले घ्या."

बाबूनं विचारलं, "कला, वाणिज्य की विज्ञान?"

"ज्याच्यात जास्त वाचा लागते ते," मोठीमाय म्हणाली.

अशा रीतीनं मी कला शाखेचा झालो. पुढं बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. मग वर्ध्याला वकिलीच्या कॉलेजात गेलो आणि नालवाडीत एक खोली घेतली. तिथं पहिल्याच वर्षी कुटुंबकायदा हा विषय लागला, आणि तो मला भांग चढावी तसा चढला.

मी अतिशयोक्ती करत नाही. भाजी फोडणीला टाकताना मी कलमं म्हणायचो. बसमध्ये कडेवर पोर घेतलेली बाई दिसली की मला पालकत्व आठवायचं. मित्राच्या बहिणीच्या लग्नात नवरानवरी सपिंड तर नाहीत ना, म्हणजे आईकडून तीन आणि बापाकडून पाच पिढ्यांत कुठं एक तर होत नाहीत ना, हे मी पंगतीत बसून बोटांवर मोजत होतो. वाढणारा दोनदा बुंदी घेऊन गेला आणि मी दोन्ही वेळा हात आडवा केला, कारण माझ्या बोटांवर तेव्हा नवरीची पणजी होती. मला पहिल्यांदाच कळत होतं की आमच्या घरात जे चालतं, जे आम्ही "असंच असते" म्हणून सोडून देतो, त्याच्यावर जाड पुस्तकं आहेत, आणि ती पुस्तकं बदलताही येतात.

रविवारी गावी गेलो की मी हे सगळं मोठीमायला सांगायचो. ती सोमवारच्या बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधत बसायची, मी शेजारी बसून जुड्यांना दोऱ्या पुरवायचो.

"कुटुंबकायदा म्हंजे काय?" तिनं पहिल्याच रविवारी विचारलं.

"घरातल्या मानसांचा कायदा."

"घरातल्या मानसाले कायदा काऊन लागते?"

मी घाईघाईनं पुढचं कलम सांगितलं. अज्ञान लेकराचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई.

तिचा हात थांबला. "नंतर म्हंजे? आन त्याच्या आधी नऊ महिने कोनाकडे होतं ते?"

हा प्रश्न मी मंगळवारी वर्गात आमच्या मॅडमना जसाच्या तसा विचारला. मॅडम कुटुंबकायदा शिकवायच्या, फार हसायच्या नाहीत. त्या दिवशी हसल्या. म्हणाल्या, "न्यायालयालाही 'नंतर' हा शब्द टोचला होता. त्यांनी त्याचा अर्थ पुढं बराच मोकळा केला. हा प्रश्न कोणाचा?"

"मोठीमायचा," मी म्हणालो.

"सातवी शिकल्या आहेत," हेही सांगितलं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

वर्षाच्या शेवटी मॅडमनी प्रकल्प दिला. कुटुंबाशी संबंधित सरकारचं एक धोरण निवडायचं, आणि ते एका खऱ्या घरात कुठपर्यंत पोचतं ते पाहायचं. पुस्तकातून उतरवलेलं चालणार नाही. मी लक्ष्मी मुक्ती योजना निवडली. योजना जुनी आहे आणि सोपी आहे. नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला, तर सातबाऱ्यावर त्याच्या नावासोबत बायकोचंही नाव सहधारक म्हणून लागतं. मी ती निवडली ती सोपी आहे म्हणूनच, हे आज कबूल करतो.

रविवारी हे मोठीमायला सांगितलं. तिनं ऐकता ऐकता हातातली जुडी बांधली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"म्हंजे माहं नाव लागन?" तिनं विचारलं. "विहिरीजवळच्या तुकड्यावर?"

त्या तुकड्यावर तिनं लग्न झाल्यापासून भाजी लावली होती. कोणत्या वाफ्यात पाणी थांबतं, कुठल्या कोपऱ्यात मेथी पिवळी पडते, हे तिला जेवढं माहीत होतं तेवढं मोठेबाबांना, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही नव्हतं. सातबाऱ्यावर मात्र मोठेबाबांचं एकट्याचं नाव होतं. माहेरच्या जमिनीवरचा हक्क तिनं भावांना केव्हाच सोडून दिला होता, त्या वेळी एक साडी मिळाली होती. ती एकदाच त्याबद्दल बोलली होती. "सही मी मनानं केली. पन साडी आनायच्या आधी कोनी विचारलं असतं तं बरं वाटलं असतं."

"लागन," मी म्हणालो. "आठ दिवसांत लागन."

"आन त्यानं अर्ज नाई केला तं? मी म्हनून नाई चालत?"

"नाई. नवऱ्यानंच कराचा असते."

"असं आहे होय," ती म्हणाली, आणि जुडीचा दोरा दातानं तोडला.

मोठेबाबा लगेच तयार झाले. ते कमी बोलणारे गृहस्थ. "लाव नं," एवढंच म्हणाले. मी वर्ध्याला जाऊन सात पानांचा अर्ज लिहिला. त्यात समानतेचं तत्त्व होतं, वारसा कायद्याचा इतिहास होता, शेतकरी स्त्रीच्या श्रमावर एक पूर्ण परिच्छेद होता. तो घेऊन मी, मोठीमाय आणि मोठेबाबा शेजारच्या मोठ्या गावात तलाठ्याकडे गेलो.

तलाठी साहेब भला माणूस. त्यांनी सातही पानं वाचली. मग म्हणाले, "छान लिहिता. पण याला अर्धं पान पुरतं. अडचण दुसरीच आहे."

अडचण अशी होती की मोठीमाय कागदोपत्री दोन बाया होती. आधार कार्ड शाळेच्या दाखल्यावरून निघालं होतं, त्यावर तिचं माहेरचं नाव. रेशन कार्डावर आणि मतदार यादीत सासरचं. लग्नात आमच्याकडे नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. चाळीस वर्षं सगळं गाव तिला तांदळातल्या नावानं ओळखत होतं, आणि सरकार अर्धं या नावानं, अर्धं त्या.

"लग्नाचा एखादा जुना पुरावा आणा," साहेब म्हणाले. "माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच ठिकाणी असलेला. पत्रिका, फोटो, काहीही. आणि दोन पंच, या दोन्ही नावांची बाई एकच आहे असं सांगणारे. मी प्रतिज्ञापत्र जोडून घेईन. पण महिन्याभरात आणा. माझी बदली आहे, नवीन माणसाला हे सगळं पहिल्यापासून समजावत बसावं लागेल."

पत्रिका वाळवीनं खाल्ली होती. फोटो काढलाच नव्हता. परतताना टेम्पोत मोठीमाय लग्नातले आहेर बोटांवर मोजत होती. वेणा नदीच्या पुलावर आल्यावर ती एकदम म्हणाली, "मामाचा गुंड."

गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचं पितळेचं मोठं भांडं. लग्नात भांडी द्यायची तर त्यावर नाव घालून द्यायची, ही रीत सगळीकडेच आहे. मोठीमायच्या मामानं लग्नात गुंड दिला होता आणि त्यावर तिचं माहेरचं नाव, मोठेबाबांचं नाव, लग्नाची तारीख आणि स्वतःचं नाव, सगळं कोरून घेतलं होतं. मला टेम्पोतच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुराव्याच्या कायद्यात असा पुरावा कुठं बसेल याचा मी लगेच विचार सुरू केला.

"कुठी आहे तो?" मी विचारलं.

"ते समोरचीले विचार," मोठीमाय म्हणाली.

समोरची म्हणजे आमच्या घरासमोरच्या काकू. वीस वर्षांपूर्वी काकूंच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा गावातली सगळी भांडी त्यांच्याकडे गेली होती. आमचा गुंडही गेला. मोठीमायच्या म्हणण्याप्रमाणे तो परत आला नाही. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी तो स्वतः आमच्या ओट्यावर आणून ठेवला. तेव्हापासून दोघी बोलत, पण कोंबडीमार्फत. काकूंची कोंबडी आमच्या अंगणात आली की मोठीमाय मोठ्यानं म्हणायची, "या कोंबडीले दुसऱ्याच्या घरचं उचलायची सवयच आहे." काकू तिकडून कोंबडीला उत्तर द्यायच्या, "ये बाप्पा घरी, तिथं मानसाले किंमत नाई तं तुले काय असन."

एकदम काकूंच्या दारात जाण्याची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं जायचं ठरवलं. आधी आपलं घर, मग गल्लीतलं एकेक घर, आणि शेवटी काकू. मॅडमनी शिकवलेला क्षेत्रअभ्यास मी वही-पेन घेऊन सुरू केला.

आमच्याच स्वयंपाकघरात पहिला धक्का बसला. ज्या गंजात आमची डाळ शिजत होती तो जामच्या कोणा नवरीला तिच्या आत्यानं दिला होता. चहाचं पातेलं तर आमच्या गावातलंही नव्हतं. पंगतीसाठी भांडी गावभर फिरतात आणि परत येताना ज्याची त्याला येतातच असं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कोणी बूड उलटून वाचत नाही. मी वाचायला लागलो.

तिसऱ्या घरापर्यंत गल्लीत बातमी पसरली. पाचव्या घरी मला दार वाजवावं लागलं नाही. बाया भांडी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या.

"काय गा वकील, आता भांडे मोजायची वकिली निघाली का?"

"मोजत नाई मावशी, वाचून राह्यलो."

"मंग हे वाच. माह्या सासूचं म्हनते मी, पन माही जाऊ म्हनते तिचं."

वाचलं तर ते दोघींचंही नव्हतं, तिसरीचंच होतं, आणि ती तिसरी दोन घरं सोडून राहत होती. तिनं ते ऐकलं आणि धावत आली. येताना हातात परात घेऊन आली, कारण त्या परातीवर या दोघींपैकी एकीचं नाव असेल अशी तिला बरीच वर्षं शंका होती. होतंही. दुपारपर्यंत गल्लीत भांड्यांचा बाजार भरला. पितळ, जर्मन, स्टील, सगळं उन्हात चमकत होतं. एक म्हातारी आपला हरवलेला तांब्या मिळाला म्हणून त्याला छातीशी धरून बसली होती, आणि तिचा म्हातारा म्हणत होता, "एवढं तं मले कधी धरलं नाई." मी मधोमध बसून कोरलेली नावं मोठ्यानं वाचत होतो आणि मला वाटत होतं की कायद्याचं शिक्षण म्हणतात ते हेच. माझ्या वहीची पानं संपली. मामाचा गुंड मात्र त्यात नव्हता.

राहिलं काकूंचं घर. काकू दारातच उभ्या होत्या, हात कमरेवर.

"ये. आत ये. कोठी पाह्य, माळा पाह्य, न्हानी पाह्य. पन एकटा नाई. उद्या सकाळी तुह्या मोठीमायले घेऊन ये. तिच्या डोळ्यासमोर पाह्य. आन नाई सापडला तं तिनं चार मानसांत सांगायचं, का मी चोर नाई."

मी घरी येऊन निरोप दिला. मोठीमाय म्हणाली, "जातो नं. वीस वर्षं झाले वाट पाहून राह्यली मी."

मोठेबाबा तिथंच बसले होते. ते उठले, चप्पल घातली आणि मला म्हणाले, "चाल बापू, वावरात जाऊन येऊ." अजून उजेड होता. वावरातल्या झोपडीत फवारणीच्या पंपामागं, टोपल्यांखालून त्यांनी एक काळं, गोल काहीतरी बाहेर ओढलं. तोंडाला फडकं बांधून वर शेणानं लिंपलेलं होतं.

"हे काय?"

"बी. दुधीचं."

"मोठेबाबा, हे कशात आहे?"

ते झोपडीच्या उंबऱ्यावर बसले. "तोच आहे," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, आणि ते एवढं सलग बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "थैलीतलं बी उंदरं खाऊन टाकत. गुंड ओट्यावर दिसला, मी घेऊन आलो. दोन दिवसांत वापस नेऊन ठेवीन म्हनलं. संध्याकाळी घरी गेलो तं हिनं समोरचीचं नाव घेतलंतं. जोरानं घेतलंतं. आता मधात कसं बोलू?"

"वीस वर्षं?"

"दर साली बोलीन म्हनलं. मंग पेरायचा टाइम येई."

मी हसू दाबत होतो आणि ते पोटात मावत नव्हतं. पण त्यांच्या तोंडाकडं पाहिल्यावर थांबलो. त्यांना उद्या गल्लीसमोर उभं राहायचं होतं.

"नाई सांगितलं तं काय होईन?" त्यांनी विचारलं. "तू वकील आहे, सांग."

"नाव नाई लागनार. साहेबाची बदली आहे."

मग त्यांनी शेणाचं लिंपण फोडलं आणि बी आपल्या दुपट्ट्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीमाय पदर खोचून काकूंच्या दारासमोर उभी होती. गल्ली जमली होती. आणि मागून मोठेबाबा आले, खांद्यावर काळाकुट्ट गुंड. ते दोघींच्या मधे थांबले, गुंड खाली ठेवला आणि म्हणाले, "मी नेलता. वावरात होता."

मोठीमायनं गुंडाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं, मग काकूंकडं पाहायचं होतं पण तेवढं जमलं नाही. ती काकूंच्या ओट्याच्या पायरीवर बसली. "माफ कर वं," पायरीकडं पाहत म्हणाली.

"थांब," काकू म्हणाल्या. "वीस वर्षांचं आहे, एका शब्दात नाई होत. आधी तो घास. इथंच, माह्या ओट्यावर बसून घास."

काकूंनी आतून चिंच आणि राख आणून दिली. मोठीमाय घासायला बसली. मोठेबाबा पाणी टाकत होते. सगळी गल्ली पाहत होती. काळं उतरलं, खालून पिवळं दिसायला लागलं, आणि त्यातून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. मी वाकून मोठ्यानं वाचलं. आधी तिचं माहेरचं नाव, मग मोठेबाबांचं, मग तारीख, मग मामाचं नाव आणि "सप्रेम भेट". माहेरचं नाव ऐकल्यावर मोठीमायनं मान वर केली, कोणी हाक मारल्यावर करतात तशी.

"आता कोंबडीची माफी माग," काकू म्हणाल्या.

"कोनत्या?"

"जिले तू चोर म्हनलं तिची."

"ती तं मेली वं कवाची."

"मंग तिच्या नातीची माग."

अंगणात फिरणाऱ्या तांबड्या कोंबडीकडं पाहून मोठीमायनं खरोखर हात जोडले, आणि तेव्हा कुठं काकूंना हसू फुटलं. मग ते कोणालाच आवरलं नाही. मोठेबाबा एकटे गंभीर चेहऱ्यानं राख धूत होते.

त्याच आठवड्यात आम्ही परत तलाठ्याकडे गेलो. एक पंच काकू, दुसरे आमच्या शाळेचे निवृत्त गुरुजी. गुंड मोठीमायच्या मांडीवर. साहेबांच्या टेबलावर तो ठेवला तेव्हा त्यांचे सगळे कागद एका बाजूला सरकले.

"हे काय आणलं?"

"पुरावा," मी म्हणालो, आणि पुढं बोलणार तेवढ्यात काकूंनी माझा शर्ट मागून ओढला.

साहेबांनी चष्मा काढून वाचलं, गुंड फिरवून परत वाचलं. "याची झेरॉक्स कशी काढू?" म्हणाले आणि शेवटी मोबाइलवर तीन बाजूंनी फोटो काढले. मग मोठीमायला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात घेतलं नव्हतं. तिनं गुंड त्यांच्याकडं वळवला. "वाचा नं साहेब."

काकूंची साक्ष सर्वांत छोटी होती. "या दोन नावाच्या बाया एकच आहेत. भांडन दोघींइतकं करते, पन आहे एकच."

साहेबांनी लेखणी उचलली. "मग सातबाऱ्यावर कोणतं नाव टाकू? सगळं गाव ओळखतं ते सासरचं टाकू?"

मी हा प्रश्न सात पानांत कुठंच धरला नव्हता. मोठेबाबा भिंतीजवळ उभे होते. ते म्हणाले, "तांदळात मी लिवलंतं. माह्या बहिनीनं सांगितलं हे लिव, मी लिवलं. हिले कोनी विचारलं नाई." मग जरा थांबून, "मी बी नाई."

"मंग आता विचारा," काकू म्हणाल्या.

मोठेबाबांनी विचारलं नाही, नुसते तिच्याकडं पाहत राहिले. मोठीमायनं गुंडावर बोट ठेवलं. "हे लिवा. हे माह्या मामानं लिवलं आहे."

फेरफाराची नोंद झाली. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लागली. ते पंधरा दिवस काकू रोज सकाळी ओट्यावरून ओरडायच्या, "आज जाऊन हरकत घेतो, पाह्य." आणि मोठीमाय इकडून सरळ काकूंनाच उत्तर द्यायची, मधे कोंबडी नव्हती. हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली तेव्हा मी वर्ध्याला होतो, परीक्षेत. मोठीमायच्या लेकीनं नव्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला. तो पाहून मी नालवाडीच्या रस्त्यानं एकटाच इतक्या जोरात चालत सुटलो की पानठेल्यावरच्यानं विचारलं, "काय भाऊ, नोकरी लागली का?"

फोन करू शकलो असतो. पण मोठीमायला आजवर तिच्या नावानं पत्र आलं नव्हतं, या नावानं किंवा त्या नावानं. म्हणून मी पोस्टात जाऊन पाकिटं आणली आणि तिला वाचताना आवाज ऐकू यावा म्हणून घरच्या बोलीत लिहिलं.

मोठीमाय,

दंडवत. मी खुशाल आहो. जेवन बरोबर करून राह्यलो, काळजी नोको करजो.

पाकिटावर गुंडावरचं तुहं नाव सुबक अक्षरात लिवलं. चार पाकिटं खराब केले. एवढं जपून तं परीक्षेचा पेपर बी नाई लिवला.

चार दिवसांआधी मॅडमनं प्रकल्पाची तोंडी घेतली. मी सातबाऱ्याचा फोटो दाखवला, मंग गुंडाचा. बाजूले बाहेरचे एक सर बसलते, ते म्हनले निष्कर्ष सांगा. मी पाठ केलता, पन ऐन वेळी आठवलाच नाई. मंग मी कोंबडीचं सांगितलं. सर इतके हसले का त्यायले पानी द्या लागलं. मॅडम नाई हसल्या. त्या म्हनल्या, "तुमच्या मोठीमायनं अजून काही विचारलं होतं का?" मंग मी तुहा प्रश्न सांगितला, का नवऱ्यानं अर्ज केला तं नाव लागते, मंग बाईनं केला तं काऊन नाई. मॅडमनं तो वहीत लिवून घेतला. म्हनल्या, याचं उत्तर आपल्यापाशी नाई, पन प्रश्न प्रकल्पाच्या पहिल्या पानावर टाका. मी पहिल्या पानावर टाकला. खाली तुहं नाव टाकलं.

वर्गातले पोट्टे आता घरी जाऊन भांडे वाचून राह्यले. एकाच्या घरी त्याच्या आईचं माहेरचं नाव निंघालं, त्याले ते माहीतच नोहतं. तो दोन दिवस झाले तिले त्याच नावानं हाक मारते आन ती ओ देते म्हने.

तू मले टेम्पोत बसवून नेलं नसतं तं मले हे काहीच भेटलं नसतं. तवा तू बाबूले म्हनली, ज्याच्यात जास्त वाचा लागते ते. मी वाचून राह्यलो मोठीमाय. अजून लय आहे वाचाचं. कंटाळा येत नाई.

मोठेबाबाले सांगजो का दुधीच्या बियासाठी मी वर्ध्यावरून झाकनाचा डब्बा आनतो, स्टीलचा. त्याच्यावर त्यायचं एकट्याचं नाव घालून आनीन, म्हंजे कोनाचं भांडन नाई. काकूले नमस्कार. तांबड्या कोंबडीले बी.

आन एक. हे पत्र घेऊन पोस्टमन येईन तं तो पाकिटावरचं नाव घेऊन हाक मारन. तू सवयीनं "इथं कोनी नाई या नावाचं" म्हनशीन आन त्याले वापस पाठवशीन. तसं नोको करजो. हात धुजो, बाहेर येजो, आन म्हनजो, मीच आहो.

तुहा,
सांबाराच्या जुड्यांचे दोरे देनारा